टेस्ट गेली? पुढच्या सात दिवसांत काय करायचं

ड्रायव्हिंग टेस्टमध्ये नापास झालेला माणूस सहसा मान खाली घालून थेट फाटकाकडे निघतो. मागे रांग असते, निरीक्षक पुढचं नाव पुकारत असतात आणि सोबत आलेला ड्रायव्हिंग स्कूलवाला "होतं हो, पुढच्या वेळी बघू" म्हणत गाडी काढतो. तीनशे रुपये फी भरून मिळण्यासारखी सगळ्यांत कामाची गोष्ट मात्र मैदानातच राहून जाते. आपलं नेमकं चुकलं कुठे, ही.

हा लेख मुख्यतः चारचाकीच्या टेस्टबद्दल आहे. दुचाकीवाल्यांसाठी मध्ये एक भाग आहे. कायदा केंद्राचा असल्यामुळे तो सगळीकडे लागू आहे, पण लिहिताना डोळ्यांसमोर महाराष्ट्रातली मैदानं, आपले रस्ते आणि आपली ड्रायव्हिंग स्कूलं आहेत.

मैदान सोडण्याआधी

निरीक्षकांना सरळ विचारा, "साहेब, कशात गेलं?" तेवढंच. "मी तर बरोबर घेतली होती" हे वाक्य ओठावर आलं तरी गिळून टाका. वाद घातला तर निकाल बदलणार नाही आणि कारणही कळायचं राहील. शांतपणे विचारलं तर बहुतेक निरीक्षक तीन-चार शब्दांत सांगून मोकळे होतात. गाडी मागे आली. लाइन कापली. आरसा बघितला नाही. पुण्याच्या चारचाकी टेस्ट भोसरीच्या आयडीटीआर या ड्रायव्हिंग प्रशिक्षण संस्थेतल्या संगणकीय ट्रॅकवर होतात. अशा ठिकाणी कोणत्या टप्प्यावर गाडी अडली ते नोंदलेलं असतं, म्हणून तिथल्या कर्मचाऱ्यांना तो टप्पा विचारून घ्या.

मग जवळच्या टपरीवर चहा घेत फोनमध्ये लिहून काढा. कुठे चुकलं एवढंच लिहून भागणार नाही, त्याच्या आधीच्या दहा सेकंदांत हातपाय काय करत होते तेही लिहा. चढावर गाडी मागे घसरली, हा झाला निकाल. त्याच्या आधी मागच्या गाडीने हॉर्न दिला, तुम्ही दचकलात आणि क्लच धरायच्या आत हँडब्रेक सोडला, हे झालं कारण. सराव कारणाचा करायचा असतो. संध्याकाळपर्यंत ही आठवण पुसट होते आणि "नशीबच खराब" एवढं उरतं.

गाडी कोणती होती तेही लिहा. रोजचा सराव घरच्या गाडीवर आणि टेस्ट स्कूलच्या जुन्या गाडीवर, असं अनेकांचं होतं. तिचा क्लच कुठे उचलतो हे पायाला माहीतच नसतं.

तारखांचं गणित

मोटार वाहन कायदा, १९८८ याचं कलम ९ सांगतं की नापास झालेल्याला सात दिवसांनंतर पुन्हा टेस्ट देता येते. तीनदा नापास झालात, तर शेवटच्या टेस्टपासून साठ दिवस थांबावं लागतं. २०१९ च्या दुरुस्ती कायद्याने या साठ दिवसांच्या जोडीला मान्यताप्राप्त संस्थेतल्या सुधारणा-प्रशिक्षणाची अटही घातली आहे. पुन्हा टेस्ट द्यायची फी केंद्रीय नियमांप्रमाणे प्रत्येक वाहनवर्गाला ३०० रुपये आहे. दुचाकी आणि चारचाकी दोन्हींत नापास झाला असाल तर ६०० रुपये. पैसे आणि अपॉइंटमेंट दोन्ही परिवहन खात्याच्या सारथी पोर्टलवर होतं.

एक गोष्ट मात्र लोकांच्या लक्षातून निसटते. लर्निंग लायसन्स सहाच महिने चालतं आणि पक्क्या लायसन्सची टेस्ट ते निघाल्यापासून तीस दिवसांनी देता येते. समजा लर्निंग १ जानेवारीला निघालं. मुदत ३० जूनपर्यंत. तुम्ही निवांत राहिलात, पहिली टेस्ट एप्रिलमध्ये दिली आणि तिसऱ्यांदा ५ मे रोजी नापास झालात. साठ दिवस मोजा, ४ जुलै उजाडतो. तोवर लर्निंग संपलेलं असतं आणि ते पुन्हा काढावं लागतं. म्हणून नापास झाल्या दिवशीच लर्निंगवरची तारीख बघा आणि उलट्या दिशेने मोजत या.

तालुक्याच्या गावी असाल तर हिशेब आणखी अवघड होतो. आरटीओचा कॅम्प ठरलेल्या दिवशीच भरतो, त्यामुळे कायद्यातले सात दिवस प्रत्यक्षात पुढच्या कॅम्पपर्यंत लांबतात. जिल्ह्याच्या कार्यालयात लवकरची तारीख आहे म्हणून पुरता सराव नसताना धावू नका. पण दोन महिने लर्निंग खिशात ठेवून बसूही नका. पहिल्या नापासानंतर दोन ते तीन आठवड्यांनी पुढची टेस्ट, हे अंतर मला योग्य वाटतं. चूक दुरुस्त करायला तेवढा वेळ पुरतो आणि हात गंजत नाही.

"साहेबांशी बोलणं झालंय"

नापास होऊन बाहेर पडलात की हे वाक्य ऐकू येण्याची शक्यता बरीच असते. बोलणारा एजंट असेल, कधी स्कूलचाच माणूस असेल, कधी तर आपलाच कुणी दाजी किंवा मामा. "एवढ्यासाठी कशाला हेलपाटे मारतोस, देऊन टाक." फॉर्म भरून द्यायचे पैसे घेणं वेगळं आणि न चालवता पास करून द्यायचे घेणं वेगळं. दुसरी ती लाच. २०१८ साली भ्रष्टाचार प्रतिबंधक कायद्यात दुरुस्ती झाली, तेव्हापासून लाच देणाराही स्वतंत्रपणे गुन्हेगार ठरतो आणि सात वर्षांपर्यंत शिक्षा होऊ शकते. जबरदस्तीने द्यावी लागली असेल तर सात दिवसांच्या आत तक्रार केल्यावर संरक्षण मिळतं. महाराष्ट्रात लाचलुचपत प्रतिबंधक विभागाचा टोल फ्री नंबर १०६४ आहे.

कायदा क्षणभर बाजूला ठेवू. ज्या चढावर गाडी तुमच्या हातून मागे आली, तसाच चढ एखाद्या फ्लायओव्हरच्या सिग्नलला असतो. तिथे मागे निरीक्षक नसतात, दोन मुलांना घेऊन उभी असलेली स्कूटर असते. पैसे देऊन कार्ड मिळेल, पण त्या चढावरचा क्लच तुम्हालाच धरावा लागणार आहे.

"लायसन्स येईल तेव्हा येईल, गाडी तर चालवतोच आहे" म्हणणारेही भेटतात. लायसन्स नसताना गाडी चालवली तर ५,००० रुपये दंड आहे आणि गाडी देणाऱ्या मालकालाही तेवढाच. लर्निंगवर चालवताना शेजारी लायसन्सधारक शिकवणारा हवा आणि पुढे-मागे पांढऱ्यावर लाल एल हवा, १८ सेंटिमीटर चौरसाच्या पाटीवर. टेस्ट गेली म्हणून लर्निंग रद्द होत नाही, पण या अटीही सुटत नाहीत.

दुखणं ओळखा

नापास होण्याची कारणं ऐकायला पन्नास असली तरी मुळं थोडीच असतात. गाडी बंद पडणं, झटके देत निघणं, चढावर मागे येणं, हे सगळं डाव्या पायाचं दुखणं. आठच्या आकड्यासारखा ट्रॅक काढताना किंवा रिव्हर्सला लाइन कापणं हे वेगाचं आणि नजरेचं. इंडिकेटर, आरसा, सीटबेल्ट विसरणं हे सवयीचं. सिग्नल, झेब्रा, वळणावरची बाजू चुकणं हे रस्ता वाचता न येण्याचं. आणि एरवी सगळं येत असून तिथे हातपाय लटपटणं हे सरावाच्या पद्धतीचं.

एक कारण सहसा कुणाच्या डोक्यात येत नाही. डोळे. लायसन्सच्या अर्जासोबतच्या स्वयंघोषणेत असा प्रश्न असतो की चांगल्या उजेडात, चष्मा असल्यास तो लावून, २५ मीटरवरून गाडीची नंबर प्लेट वाचता येते का. आपण न वाचताच "होय" वर टिचकी मारतो. सोसायटीच्या पार्किंगमध्ये पंचवीस मीटर मोजून खरंच बघा. रिव्हर्समध्ये सतत अंदाज चुकणाऱ्या एखाद्याचा प्रश्न स्टेअरिंगचा नसतो, चष्म्याच्या नंबरचा असतो.

केंद्रीय मोटार वाहन नियम, १९८९ मधला नियम १५ एकदा शांतपणे वाचून काढा. टेस्टमध्ये काय काय बघायचं याची यादी त्यात आहे. गाडी सुरू करण्याआधी आरसा लावणं, सावकाश आणि सुरक्षितपणे निघणं, चढावर थांबून मागे न येता पुन्हा निघणं, अरुंद जागेत रिव्हर्स घेणं, सिग्नल नसलेल्या झेब्रावर पायी चालणाऱ्याला आधी जाऊ देणं, असं बरंच. प्रत्यक्ष मैदानावर यातलं थोडंच तपासलं जातं. पण स्वतःला मार्क द्यायला याहून चांगला कागद नाही.

डावा पाय

सर्वाधिक वेळ यावर घालवा, कारण हाफ क्लच, म्हणजे क्लच अर्धवट सोडून गाडी हळू सरकवणं, जमला की निम्मी टेस्ट जमते.

आधी सीट. क्लच पूर्ण दाबल्यावरही गुडघा किंचित वाकलेला राहिला पाहिजे. पाय ताठ होत असेल तर सीट पुढे घ्या. पाठ टेकलेली असू द्या. चप्पल नको, जाड सोलचे बूटही नकोत. पातळ तळव्याचे, मागून घट्ट बसणारे बूट घाला आणि टेस्टलाही तेच घाला.

मग सपाट, मोकळ्या जागी गाडी सुरू करून पहिला गिअर टाका. अ‍ॅक्सिलरेटरला हात, म्हणजे पाय, लावायचाच नाही. क्लच अगदी हळू वर येऊ द्या. एका ठिकाणी इंजिनाचा आवाज जड होतो, गाडीत हलकी थरथर येते आणि चाकं सरकायला लागतात. पाय तिथेच रोखा. गाडी मुंगीच्या पावलाने चालू द्या. मग क्लच दाबा, ब्रेक लावा, थांबा. पुन्हा. कंटाळा येईपर्यंत करा आणि कंटाळा आल्यावर आणखी थोडा वेळ करा, कारण पाय स्वतःहून शिकतो तो तेव्हाच. डोळे पायाकडे न वळता दरवेळी तीच जागा सापडायला लागली की पुढे जा.

आता चढ. कमी रहदारीची, सौम्य चढाची गल्ली शोधा आणि रविवारी पहाटे जा. गाडी थांबवा, हँडब्रेक पूर्ण ओढा, पहिला गिअर टाका. उजवा पाय ब्रेकवरून काढून अ‍ॅक्सिलरेटरवर ठेवा आणि इंजिनाचा आवाज किंचित वाढवून तसाच स्थिर धरा. क्लच सावकाश सोडत या. आवाज खाली बसतो, गाडीचं नाक जरासं उचललं जातं. आता दोन्ही पाय जागच्या जागी ठेवून हँडब्रेक सोडा. गाडी ना पुढे जाते ना मागे, अशी क्षणभर उभी राहिली तर बरोबर जमलं. मग अ‍ॅक्सिलरेटर थोडा वाढवा, क्लच आणखी सोडा.

लोक घसरतात ते हँडब्रेक सोडण्याच्या त्या क्षणी. हात हलला की पायही हलतो आणि क्लच नकळत दाबला जातो. म्हणून हा एकच तुकडा वेगळा काढून घोटा. नाक उचलेपर्यंत आणायचं, हँडब्रेक सोडायचा, दोन आकडे मोजायचे, हँडब्रेक पुन्हा ओढायचा. गाडी पुढे नेण्याची घाई नको. क्लच तापल्याचा वास आला तर थांबा आणि गाडीला विश्रांती द्या.

नव्या बऱ्याच गाड्यांत हिल होल्ड असतो. तो ब्रेक सोडल्यावर गाडीला दोनेक सेकंद धरून ठेवतो. घरी अशी गाडी असेल आणि टेस्ट स्कूलच्या गाडीवर असेल, तर घरच्या चढावरचं यश फसवं आहे. निदान दोन-तीन तास त्याच गाडीवर काढा जिच्यावर टेस्ट द्यायची आहे.

आठ आणि रिव्हर्स

बऱ्याच स्कूलांत रिव्हर्स असा शिकवतात: मागच्या काचेत ट्रॅकच्या कडेचा दुसरा दांडा दिसला की स्टेअरिंग दीड फिरवायचं, तिसरा दिसला की सोडायचं. त्या मैदानावर, त्या गाडीत, त्या उंचीच्या माणसाला हे जमतं. दांडे फूटभर सरकवले की सगळं कोसळतं. पाठांतराने टेस्ट निघतेही कधीकधी, पण बाजाराच्या गल्लीत दोन गाड्यांमध्ये गाडी लावायची वेळ आली की तिथे दांडे कुठून आणणार?

त्यापेक्षा दोन गोष्टी पक्क्या करा. एक, रिव्हर्समध्ये स्टेअरिंग ज्या बाजूला फिरवाल त्या बाजूला गाडीची शेपटी जाते आणि नाक विरुद्ध बाजूला बाहेर फेकलं जातं. पुढचा कोपरा घासतो तो यामुळेच. दोन, गाडी जितकी सावकाश, तितका स्टेअरिंगला वेळ जास्त. हाफ क्लचवर, माणूस रमतगमत चालतो त्याहूनही हळू.

पाण्याच्या रिकाम्या बाटल्या घ्या, निम्म्या भरा म्हणजे वाऱ्याने पडणार नाहीत. साधारण अडीच मीटर रुंदीची गल्ली आखा. लहान हॅचबॅक चार मीटरच्या आतबाहेर लांब आणि पावणेदोन मीटरच्या आसपास रुंद असते, तेव्हा दोन्ही बाजूंना थोडी जागा उरते. आधी सरळ रिव्हर्स घ्या. स्टेअरिंग बोटभर हलवलं तर आरशात शेपटी किती सरकते, ते बघा. मग गल्लीत उजवीकडून आणि डावीकडून वळून शिरा. डावे-उजवे आरसे थोडे खाली करून मागचं चाक दिसेल असे ठेवले तर मदत होते, पण रस्त्यावर निघताना ते परत वर घ्यायला विसरू नका. आणि आरशांवर पूर्ण विसंबू नका. मान वळवून मागच्या काचेतून बघा. रिव्हर्स सेन्सर आणि कॅमेरा सरावात बंद ठेवता आला तर उत्तम, नाहीतर स्क्रीनवर कागद चिकटवा.

चुकत आहे असं वाटलं की थांबा. हे फार थोडे जण करतात. लाइनच्या दिशेने जात असताना माणूस घाबरून स्टेअरिंग जोरात फिरवतो आणि गाडी चालतच राहते. क्लच आणि ब्रेक दोन्ही दाबा, श्वास घ्या, चाकं कोणत्या दिशेला आहेत ते बघा, मग ठरवा. ट्रॅकवर विनाकारण थांबायला किंवा पुन्हा पुढे घ्यायला परवानगी आहे का, ते टेस्टच्या आधीच विचारून ठेवा. नियम मैदानागणिक वेगळे असतात.

आठ काढताना नजर बॉनेटवर खिळवू नका. वळणाचा पुढचा भाग जिथे आहे तिथे बघा, हात आपोआप तिकडे जातात. मधल्या छेदाच्या थोडं आधीच स्टेअरिंग सरळ करायला सुरुवात करा. तिथे उशीर झाला की पुढचं वर्तुळ मोठं होतं आणि कडेची लाइन कापली जाते.

दुचाकीवाल्यांसाठी

दुचाकीची टेस्ट बहुतेक वेळा पाय टेकण्यात जाते. आठ काढताना वेग कमी होतो, तोल जातो, पाय खाली येतो. उपाय उलटा वाटेल, पण थ्रॉटल बंद करायचं नाही. थोडं स्थिर थ्रॉटल ठेवा आणि वेग मागच्या ब्रेकने आवरा. गिअरच्या गाडीवर पहिला गिअर, हाफ क्लच आणि मागचा ब्रेक. गिअरलेस स्कूटरवर हलकं थ्रॉटल आणि डाव्या हाताचा ब्रेक किंचित दाबलेला. पुढचा ब्रेक वळलेल्या हँडलवर अजिबात नको, गाडी तिथेच आडवी होते. हनुवटी वर, नजर वर्तुळाच्या पलीकडच्या टोकावर. पुढच्या चाकाकडे बघितलंत की पाय टेकलाच म्हणून समजा. हेल्मेट डोक्यावर घालूनच सराव करा, कारण त्याने मान वळवताना फरक पडतो आणि टेस्टला ते असणारच आहे.

रस्ता वाचायला शिकणं

ट्रॅक पार केला म्हणजे गाडी आली, असं नाही. पुढच्या टेस्टपर्यंतचा निम्मा वेळ खऱ्या रस्त्यासाठी ठेवा.

सगळ्यांत गुणकारी व्यायाम फुकट आहे. शेजारी बसलेल्याला ऐकू जाईल असं मोठ्याने बोलत गाडी चालवा. "पुढे रिक्षा कडेला घेतेय, थांबेल. डावीकडे बस स्टॉप, माणसं उतरतील. आरशात बाईक, डावीकडून येतेय. सिग्नल बराच वेळ हिरवाच आहे, आता बदलेल." पहिल्या दिवशी बोलायला सुचत नाही, कारण आपण बघतच नसतो. दोन-चार दिवसांत डोळे पुढे धावायला लागतात. गाडी नसेल त्या दिवशी पीएमपी (पुण्याची सिटी बस) किंवा एसटीच्या पुढच्या सीटवर बसून मनातल्या मनात हेच करा. ड्रायव्हरने ब्रेक लावण्याआधी तुम्हाला त्याचं कारण दिसलं का, एवढंच तपासायचं.

आरसा, इंडिकेटर, मग वळण. क्रम हाच. लोक इंडिकेटर देतात आणि वळतात, आरसा राहतो. डावीकडे वळताना डावा आरसा तर हमखास, कारण आपल्याकडे त्या फटीतून स्कूटर येतेच. आरशात दिसत नाही अशी एक जागा खांद्यामागे असते, तिथे झटकन मान वळवून बघा. टेस्टमध्ये मान वळलेली निरीक्षकांनाही दिसते.

अंतर मीटरमध्ये मोजता येत नाही, सेकंदांत येतं. पुढची गाडी विजेच्या खांबाजवळून गेली की एक हजार एक, एक हजार दोन, एक हजार तीन असं म्हणा. त्याआधी तुम्ही खांबापाशी पोचलात तर फार जवळ आहात. ताशी ४० किलोमीटरला गाडी सेकंदाला अकरा मीटर जाते. पाय ब्रेकवर पोचायला एक सेकंद गेला तर तेवढं अंतर ब्रेक लागण्याआधीच संपतं. पावसात हे तीन सेकंद दुप्पट करा. मोकळी जागा दिसली की कुणीतरी मध्ये घुसणार, हे खरं आहे. घुसू द्या आणि पुन्हा अंतर वाढवा. यात काही हरल्यासारखं नाही.

सिग्नल नसलेल्या चौकात उजवीकडून येणाऱ्याला आधी जाऊ द्यायचं. अरुंद घाटात चढणाऱ्या गाडीला वाट द्यायची. उतरताना न्यूट्रलमध्ये गाडी सोडायची नाही, खालच्या गिअरवर इंजिनाने वेग आवरायचा. या गोष्टी लर्निंगच्या परीक्षेत टिचकी मारून पार केलेल्या असतात. आता त्या पायांत उतरवायच्या आहेत.

पुन्हा क्लास लावायचा का?

लावा, पण सांगून लावा. "पुन्हा दहा दिवसांचा कोर्स" घेतलात तर सर तुम्हाला त्याच रस्त्याने त्याच पाचव्या गल्लीपर्यंत नेतील. त्याऐवजी म्हणा, "सर, मला फक्त चढ आणि रिव्हर्सचे चार तास हवेत." आणि दुसरी विनंती त्याहून महत्त्वाची. "सर, तुमचा पाय पेडलवरून काढून ठेवा. अगदी धडकायची वेळ आली तरच दाबा." स्कूलच्या गाडीला दोन्हीकडे पेडल असतात. कित्येकांना वाटत असतं आपण छान चालवतो, प्रत्यक्षात क्लच सर दाबत असतात. टेस्टला शेजारचा पाय नसतो आणि गाडी पहिल्याच वळणावर बंद पडते. तुमचा सराव खरा किती झाला, हे पाय काढल्यावर पाच मिनिटांत कळतं.

नियमांप्रमाणे खासगी गाडीच्या प्रशिक्षणात किमान २१ दिवस आणि प्रत्यक्ष ड्रायव्हिंगचे किमान १० तास व्हायला हवेत. तुमचे किती झाले ते मोजा. गाडीत चौघे बसून प्रत्येकाला दहा मिनिटं, असं झालं असेल तर बेरीज करून बघा. जुलै २०२१ पासून मान्यताप्राप्त ड्रायव्हर प्रशिक्षण केंद्रांची वेगळी सोयही आहे. तिथे हलक्या वाहनाचा २९ तासांचा कोर्स चार आठवड्यांत पूर्ण करून त्यांची परीक्षा पास झाली, तर आरटीओची टेस्ट द्यावी लागत नाही. जवळ असं केंद्र असेल आणि तुमचा पायाच कच्चा असेल तर तो मार्ग चांगला. फक्त टेस्ट टाळायची म्हणून जाऊ नका, २९ तास कमी नसतात.

घरच्यांकडून शिकत असाल तर एक अट घाला. शेजारी बसलेल्याने चालू गाडीत ओरडायचं नाही, गाडी थांबवून बोलायचं. नवऱ्याकडून किंवा बापाकडून शिकताना ही अट कागदावर लिहून डॅशबोर्डला लावली तरी अतिशयोक्ती होणार नाही.

खोटी टेस्ट

खऱ्या टेस्टच्या दोन-तीन दिवस आधी शेजारच्या काकांना किंवा ओळखीच्या रिक्षावाल्या दादांना निरीक्षक करा. नियम एकच, त्यांनी एकही सूचना द्यायची नाही. हातात कागद, चूक झाली की टिंब. गाडीत बसणं, सीट, आरसे, बेल्ट, न्यूट्रल तपासणं इथपासून गाडी बंद करून हँडब्रेक लावण्यापर्यंत सगळं करा. बघ्यांची गर्दी जमली तर चांगलंच, मैदानावरही ती असते. एकदाही चूक न होता हे दोनदा जमलं तर तुम्ही तयार आहात. नाही जमलं तर अपॉइंटमेंट पुढे ढकलण्यात कमीपणा नाही.

टेस्टच्या दिवशी

मूळ लर्निंग, अपॉइंटमेंटची पावती, फीची पावती, गाडीचं आरसी, चालू विमा आणि पीयूसी. कागदपत्रांत पीयूसी संपलेलं निघतं आणि दिवस वाया जातो, म्हणून आदल्या रात्री तारखा बघा. तासभर आधी पोचून इतरांच्या टेस्ट बघा. कुठे जास्त जण अडतात, निरीक्षक काय सांगतात, रांग कुठून सुरू होते, सगळं कळतं.

गाडीत बसल्यावर घाई करू नका. सीट, आरसे, बेल्ट, न्यूट्रल हा क्रम मोठ्याने नाही तरी ओठांत म्हणा. सूचना नीट ऐकू आली नाही तर पुन्हा विचारा, त्याचे मार्क जात नाहीत. गाडी बंद पडलीच तर क्लच आणि ब्रेक दाबा, न्यूट्रल, स्टार्ट, पहिला गिअर, आरसा, आणि निघा. गिअरमध्ये असतानाच सेल्फ मारून गाडी उडवली की एका चुकीच्या दोन होतात.

तिसऱ्यांदाही गेली तर

साठ दिवस मिळतात, ते सुटीसारखे घालवू नका. लर्निंगची मुदत तपासा आणि संपत असेल तर नव्याने काढायची तयारी ठेवा. या वेळी स्कूल किंवा शिकवणारा बदला, कारण तीनदा तीच चूक झाली असेल तर ती कुणाला दिसतच नाहीये. चष्म्याचा नंबर तपासा. गुडघा किंवा पाठ दुखत असेल तर क्लचवर पाय टिकत नाही, तेही डॉक्टरांना दाखवा. आणि ऑटोमॅटिक गाडीवर टेस्ट देण्याचा विचार करत असाल तर घरात पुढे चालवायची गाडी कोणती आहे ते आधी बघा. गिअरची गाडी दारात असताना ऑटोमॅटिकवर पास होऊन उपयोग नाही.

पास झाल्यावर

पहिला महिना ओळखीच्या रस्त्यांवर, दिवसा आणि शक्यतो कुणाला तरी शेजारी घेऊन. मग रात्र, तीही आधी दिवे असलेल्या रस्त्यांवर. समोरून डिपर न देता अप्पर टाकून येणारा दिसला की नजर रस्त्याच्या डाव्या कडेवर न्या आणि वेग कमी करा. पहिला पाऊस आला की पहिली पंधरा-वीस मिनिटं थांबा, कारण उन्हाळाभर साठलेलं तेल आणि धूळ तेव्हाच वर येते. घाट आणि एक्सप्रेसवे त्यानंतर. एक्सप्रेसवेवर जाण्याआधी चौपदरी हायवेवर लेन बदलण्याचा सराव करून घ्या, आणि पहिल्या फेरीला डावी लेन धरून निघा.